कॅटल, चॅटल आणि कॅपिटल: एका लॅटिन शब्दाची तीन इंग्रजी रूपे

इंग्रजीत गुराढोरांना 'कॅटल' म्हणतात. कायद्याच्या भाषेत जंगम वस्तूंना 'चॅटल' म्हणतात. भांडवलाला 'कॅपिटल' म्हणतात हे तर आता खेड्यापाड्यातल्या पतपेढीतही माहीत आहे. हे तिन्ही शब्द मुळात एकच आहेत. मध्ययुगीन लॅटिनमधला 'कापिताले' तीन वेगळ्या वाटांनी इंग्रजीत आला, आणि प्रत्येक रूपावर त्याच्या वाटेची खूण अजून शाबूत आहे. ती खूण वाचता आली, तर फ्रेंचमधून आलेल्या शेकडो इंग्रजी शब्दांचा प्रदेश आणि काळ बराचसा नेमका सांगता येतो.

या शब्दाबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते, ती आधी बाजूला काढू. जुन्या काळी श्रीमंती गुरांच्या डोक्यांवर मोजत, 'कापुत' म्हणजे डोके, म्हणून भांडवल ते 'कॅपिटल', अशी ती गोष्ट. ऐकायला पटते, पण क्रम उलटा आहे. 'कॅटल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ सुरुवातीला गुरे असा नव्हताच. आधी मालमत्ता आणि मग गुरे, असा तो सरकला. अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळते असे मानले की हे असे होते. व्युत्पत्तीत पहिला पुरावा ध्वनीचा, दुसरा नोंदींचा, आणि अर्थ तिसऱ्या नंबरावर. हा क्रम मी कधीच बदलू देणार नाही.

लॅटिन 'कापुत' म्हणजे डोके. त्याचे विशेषण 'कापितालिस', म्हणजे डोक्याचा, डोक्याशी संबंधित, म्हणून मुख्य. रोमन कायद्यात 'कापुत' हा माणसाच्या नागरी दर्जासाठीही शब्द होता. देहान्त शिक्षेला आजही 'कॅपिटल पनिशमेंट' म्हणतात ते याच विशेषणामुळे. मध्ययुगात त्याचे नपुंसकलिंगी रूप 'कापिताले' नाम म्हणून वापरात आले. कर्जाच्या व्यवहारात त्याचा अर्थ मुद्दल, म्हणजे व्याज सोडून मूळ रक्कम. पुढे तो एकूण ऐवज, विशेषतः हलवता येणारी मालमत्ता, इथपर्यंत पसरला. डोके ते मुद्दल हा प्रवास 'मुख्य' या अर्थावरून झाला. वाटेत गायबैल कुठेच नाहीत.

आता ध्वनी. मराठी वाचकाला हा भाग इंग्रज वाचकापेक्षा सोपा जायला हवा, कारण तत्सम आणि तद्भव हा भेद आपण शाळेत शिकलेलो असतो. संस्कृत 'क्षेत्र' घ्या. पोथीतून उचललेले रूप 'क्षेत्र' तसेच राहिले. तोंडातोंडी घासत आलेले रूप मराठीत 'शेत' झाले आणि हिंदीत 'खेत'. दोन्ही तद्भवच, पण 'क्ष'चे पुढे काय झाले ते प्रदेशाप्रमाणे वेगळे: इकडे प्राकृतातल्या 'छ'वरून 'श', तिकडे 'ख'. 'कापिताले'चे हुबेहूब असेच झाले. 'कॅपिटल' हे तत्सम, थेट ग्रंथातून घेतलेले. 'चॅटल' हे पॅरिसच्या बाजूचे तद्भव. 'कॅटल' हे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे तद्भव.

'कापिताले'पासून जुन्या फ्रेंच रूपापर्यंत चार बदल झाले.

पहिला बदल असा. आघात 'ता'वर होता, त्यामुळे त्याच्या आधीचा दुबळा 'इ' गळला आणि 'काप्ताले' झाले. मग 'प्त' या जोडाक्षरातला 'प' नाहीसा झाला. हा बदल फक्त याच शब्दात नाही. 'सेप्तेम' म्हणजे सात, त्याचे फ्रेंच उच्चारण आज 'सेत' आहे. 'काप्तीवुस' म्हणजे कैदी, त्याचे फ्रेंच रूप 'शेतीफ'. तिसरा बदल आघातयुक्त 'आ'चा. अशा जागी फ्रेंचमध्ये 'ए' येतो: 'मोर्तालेम'चे 'मोर्तेल', 'तालेम'चे 'तेल'. शेवटचा स्वर गळाला आणि हातात राहिले 'कातेल'. चौथा बदल सुरुवातीच्या व्यंजनाचा. 'आ'पूर्वीचा 'क' पॅरिसच्या बाजूला 'च' झाला आणि नॉर्मंडी-पिकार्डीच्या बाजूला 'क'च राहिला. म्हणून एकीकडे 'चातेल', दुसरीकडे 'कातेल'.

इथे 'प' नाहीसा होण्यासाठी 'इ' आधी गळणे गरजेचे होते. 'प' दोन स्वरांच्या मध्ये राहिला असता, तर त्याचा 'व' झाला असता. 'रीपा' म्हणजे काठ, त्याचे फ्रेंचमध्ये 'रीव' झाले. 'कापुत'च्याच कुळातल्या 'कापितानेउस'मध्ये मधला स्वर टिकला, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'चेवेतेन' झाले आणि इंग्रजीत 'चीफटन'. तोच 'कापितानेउस' नंतर ग्रंथातून पुन्हा घेतला गेला तो 'कॅप्टन'. म्हणजे टोळीचा 'चीफटन' आणि क्रिकेट संघाचा 'कॅप्टन' हे एकाच शब्दाचे तद्भव आणि तत्सम. (मराठीतला 'कप्तान' तिसऱ्या वाटेने, पोर्तुगीज 'कापितांव'वरून आलेला.)

पडताळा शेजारच्या भाषेत घ्यायचा असतो. स्पॅनिशमध्ये 'काप्तीवुस'चे 'काउतीवो' झाले, म्हणजे 'त'पूर्वीचा 'प' तिथे 'उ' होतो. तोच नियम लावला तर 'कापितालेम'चे 'काउदाल' यायला हवे. स्पॅनिशमध्ये 'काउदाल' हा शब्द आहे आणि त्याचा एक अर्थ संपत्ती असाच आहे. दोन भाषा, दोन वेगळे नियम, आणि दोन्हींकडून एकाच लॅटिन रूपापाशी पोचता येते. असा मेळ बसला की व्युत्पत्ती पक्की समजायला हरकत नाही.

इंग्रजीला दोन्ही तद्भव मिळाले याचे कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारे लोक नॉर्मंडीचे होते. 'क' टिकवणारा आणि 'च' करणारा प्रदेश यांना विभागणाऱ्या सीमेला 'जोरे रेषा' म्हणतात. शार्ल जोरे या अभ्यासकाने १८८३ मध्ये ती दाखवून दिली. रुआँ आणि काँ ही नॉर्मंडीची मोठी शहरे या रेषेच्या उत्तरेला येतात. तिथल्या बोलीत आजही मांजराला 'का' आणि गाईला 'वाक' म्हणतात, प्रमाण फ्रेंचमधल्या 'शा' आणि 'वाश'च्या ऐवजी. त्यामुळे पहिल्या लाटेत इंग्रजीत आलेले शब्द 'क'चे आहेत. ११५४ मध्ये आंजू घराण्याचा दुसरा हेन्री गादीवर आला. १२०४ मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली. त्यानंतर दरबाराचे आणि विद्येचे वारे पॅरिसकडून वाहू लागले आणि 'च'चे शब्द येऊ लागले. जुने शब्द कुणी परत केले नाहीत, म्हणून जोड्या तयार झाल्या.

'कॅच' आणि 'चेस' ही अशीच जोडी. दोन्ही 'काप्तिआरे'वरून, म्हणजे पकडायला धावणे. 'कॅरी' आणि 'चार्ज' दोन्ही 'कारिकारे'वरून, म्हणजे गाडीत माल भरणे. मोठ्या कढईला इंग्रज 'कॉल्ड्रन' म्हणतो आणि फ्रेंच 'शोद्रों'. किल्ला इंग्रजाचा 'कासल', फ्रेंचाचा 'शातो'. 'ग'चेही असेच होते. तुरुंगाचे जुने ब्रिटिश स्पेलिंग (gaol) 'ग'च्या उच्चाराचे, नॉर्मन वळणाचे आहे, पण उच्चार मात्र पॅरिसचा 'जेल'. एका शब्दात दोन प्रदेश नांदत आहेत आणि आपण मराठीत त्यातला उच्चार तेवढा उचलला.

'च' आणि 'श' यांची कसोटी

'च'च्या शब्दांत आणखी एक खूण दडलेली आहे आणि ती काळाची आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'सीएच'चा उच्चार 'च' होता. तेराव्या शतकात तो 'श' झाला. इंग्रजीने त्याआधीच्या उच्चारासह घेतलेले शब्द 'च'वर थांबले. नंतर घेतलेले शब्द 'श' घेऊन आले. रोमन लिपीत दोन्हींचे स्पेलिंग सारखेच दिसते, पण आपली लिपी ते लपवत नाही. 'चीफ' लिहा आणि 'शेफ' लिहा, फरक समोर आहे. दोन्ही शब्द 'कापुत'वरूनच आले. 'चीफ' इसवी सन १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, 'शेफ' एकोणिसाव्या शतकात हॉटेलांच्या स्वयंपाकघरांबरोबर.

एवढ्यावर कितीतरी शब्द लावता येतात. चेंबर, चेअर, चार्ज, चॅनल, चॅप्टर हे सारे मध्ययुगातले. शॅम्पेन, शोफर, मशीन, ब्रोशर, पॅराशूट हे सोळाव्या शतकापासून पुढचे. यातला 'चॅप्टर' 'कापितुलुम'वरून आला, म्हणजे छोटे डोके, मथळा. तोही आपल्याच कुळातला. 'हँडकरचीफ'मधला 'चीफ'ही तोच: 'कूव्र-शेफ', म्हणजे डोके झाकणारे फडके, त्याचे 'करचीफ' झाले आणि ते हातात आल्यावर 'हँड' जोडला गेला.

हीच कसोटी आपल्या घरातल्या एका शब्दाला लागते. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. आज लिस्बनमध्ये हा शब्द 'शाव्ह'सारखा उच्चारतात, पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज 'सीएच' हा 'च' होता. मराठीने तेव्हाचा उच्चार घेतला आणि अजून धरून ठेवला आहे. लॅटिन मूळ 'क्लाविस'. फ्रेंचमध्ये त्याचे 'क्ले' झाले, आणि संगीताच्या लिपीतले 'क्लेफ' हे चिन्ह तेच. उसना घेतलेला शब्द मूळ भाषेपेक्षा जुना उच्चार जपतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

कुठे घसरायला होते

कसोटी सोपी आहे म्हणून ती डोळे मिटून लावायची नाही. सुरुवातीला 'क' दिसला की शब्द नॉर्मन, असे होत नाही. 'कँडल'मध्ये 'क' आहे, पण तो नॉर्मनांच्या कितीतरी आधी, ख्रिस्ती धर्माबरोबर थेट लॅटिनमधून जुन्या इंग्रजीत आला. 'कँडिडेट' उलट फार उशिरा, विद्वानांनी ग्रंथांतून आणला. नॉर्मन ठरवायला दोन गोष्टी लागतात: शब्दात तोंडी वापराची झीज दिसली पाहिजे आणि पॅरिसच्या फ्रेंचमध्ये त्याचा 'श'चा जोडीदार सापडला पाहिजे. 'कॅटल'मध्ये 'प' आणि 'इ' दोन्ही झिजलेले आहेत. 'कॅपिटल'मध्ये सगळी अक्षरे जागच्या जागी आहेत, शेवटचा 'आल'सुद्धा 'एल' झालेला नाही. म्हणून दोन्हींत 'क' असूनही त्यांच्या वाटा वेगळ्या.

'श' दिसला की शब्द उशिराचा, हेही प्रत्येक वेळी खरे नाही. 'शिव्हलरी' मध्ययुगातच आला आणि नियमाप्रमाणे तो 'चिव्हलरी' असायला हवा. पुढे तो बोलण्यातून कमी झाला, आणि परत वापरात येताना लोकांनी त्याला नवा फ्रेंच उच्चार दिला. म्हणून उच्चारावरून काढलेला काळ नोंदींच्या तारखेशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत नसतील तर शब्दावर पुन्हा फ्रेंच संस्कार झाला आहे का, ते बघावे.

स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नये. विद्वानांना लॅटिन आठवले की ते गळलेली अक्षरे परत लिहू लागत. 'डेट', म्हणजे कर्ज, यात 'ब' लिहितात पण बोलत नाहीत. फ्रेंचमधून तो 'बी'शिवाय आला होता, नंतर 'देबितुम' आठवून 'ब' घुसवला. आपल्या शब्दाचे खुद्द फ्रेंचमध्ये असेच झाले. जुन्या 'चातेल'चे तिथे 'शेतेल' झाले, मग लॅटिनच्या आठवणीने त्यात 'प' लिहू लागले, आणि पुढे तो उच्चारूही लागले. आज शब्द आहे 'शेप्तेल', आणि अर्थ पशुधन. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत कलम १८०० पासून 'बाय आ शेप्तेल' या कराराची व्याख्या आहे: एकाने जनावरे द्यायची, दुसऱ्याने ठरलेल्या अटींवर ती सांभाळायची, चारायची, त्यांची निगा राखायची. आपल्याकडच्या अर्धेलीने जनावर देण्याच्या रीतीशी याचे बरेच साम्य आहे. सलग ध्वनिनियम लावताना कुणी या 'प'ला मूळचा धरला, तर सगळा हिशोब चुकेल.

आणि 'कापुट', म्हणजे मोडून निकामी झालेले, हा जर्मन शब्द लॅटिन 'कापुत'शी जोडू नये. तो पत्त्यांच्या खेळातल्या 'कापो' या फ्रेंच शब्दावरून आला. एकही हात न मिळणे, असा त्याचा अर्थ. खरी जोड दिसायला दूरची आहे: इंग्रजी 'हेड'. जर्मानिक भाषांत मूळचा 'क' हा 'ह' झाला. 'कोर्नू'च्या जोडीला 'हॉर्न', 'केंतुम'च्या जोडीला 'हंड्रेड', तसाच 'कापुत'च्या जोडीला जुना इंग्रजी 'हेआफोद', आणि त्याचा आजचा 'हेड'.

गुरे आली कशी

नोंदी पाहिल्या की अर्थाचा प्रवास स्वच्छ दिसतो. तेराव्या शतकातल्या इंग्रजीत 'कातेल' म्हणजे मालमत्ता, धन. १३८० च्या दशकातल्या विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलमध्ये बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई आपले सगळे 'कातेल' वैद्यांवर खर्च करते. तिने गाई विकल्या असे तिथे कुठे म्हटलेले नाही. त्याच काळातला इंग्रज कवी चॉसर याने आपल्या काव्यातल्या कारागीर व्यापाऱ्यांबद्दल त्यांच्याकडे 'कातेल' आणि 'रेंट' भरपूर होते असे लिहिले आहे. 'रेंट' म्हणजे जमिनीचे उत्पन्न, 'कातेल' म्हणजे बाकीचा ऐवज. आपण 'स्थावर-जंगम' म्हणतो तसा हा जोडशब्द वाटतो.

शेतकरी समाजात जंगम मालमत्तेचा सर्वांत मोठा भाग जनावरांचा. म्हणून बोलण्यात 'कातेल' हळूहळू जनावरांकडे झुकला. कोर्टात मात्र फ्रेंचच चालू होती, आणि तिथे पॅरिस वळणाचे 'चॅटल' रूप रुळले. १३६२ च्या कायद्याने तोंडी कामकाज इंग्रजीत करायला सांगितले, तरी वकिलांची फ्रेंच आणि नोंदींतली लॅटिन पूर्णपणे सुटायला १७३३ साल उजाडले. एवढ्या काळात वाटणी पक्की झाली: गोठ्यात 'कॅटल', दस्तऐवजात 'चॅटल'. 'गुड्स अँड चॅटल्स' या जोडीत इंग्रजी आणि फ्रेंच शब्द शेजारी बसले आहेत, म्हणजे ऐकणारा कुठल्याही भाषेचा असो, त्याला कळावे. इंग्लिश कायद्यात भाडेपट्टाही 'चॅटल'मध्येच मोडतो, त्याला 'चॅटल रिअल' म्हणतात. जमिनीशी बांधलेला हक्क जंगम कसा, याचे उत्तर या शब्दाच्या जुन्या, रुंद अर्थात आहे.

जनावरांपर्यंत आल्यावरही अर्थ लगेच गाईबैलांवर थांबला नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात याकोब 'मेंढरांमधले तपकिरी कॅटल' वेगळे काढतो. आज कुणी असे लिहिले तर वाचणारा अडखळेल. म्हणून जुना मजकूर वाचताना 'कॅटल' दिसला की शंभर-दीडशे शब्द मागेपुढे वाचावे आणि कोणते जनावर आहे ते ठरवावे.

गुरांवरून पैशाकडे जाणारा शब्द हवाच असेल, तर तो दुसरीकडे आहे. लॅटिन 'पेकुस' म्हणजे गुरे, त्यावरून 'पेकुनिया' म्हणजे पैसा, आणि त्यावरून इंग्रजी 'पिक्युनिअरी'. हा 'पेकुस' आपल्या 'पशु'चा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्यांचा तिसरा भाऊ 'फेओह', आणि त्याचे अर्थही दोन: गुरे आणि धन. 'कॅपिटल'ची ती लोकप्रिय गोष्ट खरे तर या कुळाला शोभते.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर साधने घरबसल्या मिळतात. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा 'मिडल इंग्लिश डिक्शनरी' हा कोश आणि इंग्लंडमधल्या फ्रेंचसाठी 'अँग्लो-नॉर्मन डिक्शनरी', दोन्ही विनामूल्य आहेत. फ्रेंच शब्दासाठी 'सीएनआरटीएल' या फ्रेंच कोशांच्या संकेतस्थळावर शब्द टाकून 'एतिमोलोजी' हा भाग उघडावा. तिथे प्रत्येक रूपाचे पहिले साल असते. तारांकित रूप दिसले, उदाहरणार्थ '*कापुम', तर ते कुठे लिहिलेले सापडलेले नाही, नियमांवरून मांडलेले आहे असे समजावे. पहिल्या नोंदीचे साल म्हणजे शब्द आल्याचे साल नव्हे, तोवर तो नक्की आलेला होता एवढेच त्यातून कळते. इंग्लंडमधला बराच व्यवहार लॅटिन आणि फ्रेंचमध्ये लिहिला जाई, त्यामुळे तोंडी रुळलेला शब्द इंग्रजी कागदावर यायला दोन पिढ्याही लागत.

सरावासाठी विद्यापीठाचा 'चॅन्सेलर' घ्या. लॅटिन 'कान्केल्ली' म्हणजे जाळीचा कठडा. त्या कठड्याशी उभा राहणारा कोर्टाचा कर्मचारी तो 'कान्केल्लारिउस'. इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या नोंदींत शब्द 'क'ने सुरू होतो, म्हणजे नॉर्मन वळण. नंतर पॅरिसचा 'च' आला आणि त्याने जुने रूप हटवले. 'च' आहे, 'श' नाही, म्हणजे बदल मध्ययुगातच झाला. लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्या-तिरक्या रेघा मारून तो रद्द करण्यालाही याच 'कान्केल्ली'वरून क्रियापद मिळाले. त्याचा 'क' मात्र कुणी हलवला नाही, आणि आपण रेल्वेचे तिकीट अजून 'कॅन्सल'च करतो.